हुद्दा आणि अधिकार

इंग्रजी अमदानीत मोठ्या हुद्द्यास चढलेल्या हिंदी माणसांची चरित्रे सांगण्याची आपल्याकडे एक ठरीव तऱ्हा आहे. परीक्षेतील क्रमांक सांगावा, बढत्यांची यादी द्यावी, आणि सरकारच्या गुणग्राहकतेचे कौतुक करून मोकळे व्हावे. रमेशचंद्र दत्तांच्या वाट्यास हा प्रकार विशेष आला. 1869 साली ते सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेत तिसरे आले, 1883 मध्ये बाकरगंज जिल्ह्याचा कारभार त्यांच्या हाती आला, 1894 मध्ये ते बरद्वानचे हंगामी कमिशनर झाले. एवढे मिळाल्यावर तक्रार कसली, असे विचारणारे विद्वान अद्यापि भेटतात.

त्यांस आमचा उलट प्रश्न आहे. या कमिशनरास सरकारचे साऱ्याचे धोरण तसूभर तरी बदलता येत होते काय? 1876 च्या ऑक्टोबरअखेर मेघनेच्या मुखाशी तुफान होऊन समुद्र आत शिरला व लाखाहून अधिक माणसे प्राणास मुकली. दक्षिण शाहबाजपूर बेटावर मदतीच्या कामी दत्तांची नेमणूक झाली. उरलेल्यांस धान्य पोहोचविणे, मागाहून आलेल्या पटकीशी झगडणे, ही कामे हुद्द्याच्या बळावर होण्याजोगी होती. परंतु तुफानापूर्वीही ही रयत कंगाल का होती, हा प्रश्न त्या हुद्द्याच्या कक्षेत बसत नव्हता! तो त्यांनी पुस्तकात विचारला. आणि तोही पेन्शन पदरात पडल्यावर नव्हे. बंगालच्या रयतेची कैफियत त्यांनी 1874 सालीच, नोकरीच्या चौथ्या वर्षी मांडली होती. ‘आधी मीठ खाल्ले, मग टीका केली’ हा आक्षेप येथेच गळून पडतो.

1897 साली, पन्नाशीच्या आत, त्यांनी नोकरी सोडली. 1900 मध्ये दुष्काळ व शेतसारा यांविषयी लॉर्ड कर्झनला त्यांनी जी अनावृत पत्रे लिहिली, त्यांत मुंबई इलाख्याच्या साऱ्याचाही समाचार घेतला होता. त्यांच्या खंडनार्थ 1902 मध्ये सरकारास सविस्तर ठराव काढावा लागला. सव्वीस वर्षे जो आतून बोलत होता, त्यास उत्तर देण्याची गरज सरकारास बाहेरून बोलल्यावर भासली, हे गुणग्राहकतेचे स्तोत्र गाणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

धोरण ठरविण्यात त्यांचा हात चालला तो 1904 पासून बडोद्यास, सयाजीराव महाराजांच्या पदरी. न्याय आणि अंमलबजावणी ही खाती निराळी असावीत, ही त्यांची जुनी मागणी. ती तेथे अमलात आली. 1909 मध्ये दिवाणपदावर असतानाच बडोद्यास त्यांचे देहावसान झाले. बढत्यांच्या यादीत मात्र बडोदे अगदी शेवटी येते, पेन्शनराने हवापालट करावी तसे.