पाचगणीचा दाखला आणि ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’

पाचगणीच्या शाळेत शिकलेला, तेथील ‘हेक्टिक्स’ या बँडमध्ये पियानो वाजवणारा फारोख बुलसारा पुढे ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा फ्रेडी मर्क्युरी झाला. या चरित्रतपशिलातून एक सोयीस्कर समीक्षा जन्मली: ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ (१९७५) हे त्याचे सांकेतिक आत्मचरित्र होय. गीतातील एका अरबी शब्दात त्याचा पौर्वात्य वारसा, तर गीतनायकाच्या खुनाच्या कबुलीत त्याची दडपलेली लैंगिकता शोधली जाते. हा अन्वयार्थ छापील शब्दांपाशीच थांबतो. ध्वनी आणि चित्रफीत त्याच्या हिशेबात नाहीत.

गीताच्या ऑपेरासदृश भागातील ‘मी’ कोणाचा? मर्क्युरी, ब्रायन मे व रॉजर टेलर यांचे आवाज पुनःपुन्हा एकावर एक ध्वनिमुद्रित करून तेथे समूहगायन रचले आहे. चौघांना ते रंगमंचावर गाणे अशक्यच होते; मैफलीत त्या भागापुरती ध्वनिफीत वाजे आणि बँड पडद्याआड जाई. ब्रूस गॉवर्सदिग्दर्शित चित्रफितीतील अंधारातून उमटणारे चार चेहरेही ‘क्वीन टू’च्या (१९७४) मुखपृष्ठावरील मिक रॉकच्या छायाचित्राचे अवतरण आहेत. ज्या कबुलीचा आवाज असा घडवलेला आणि प्रतिमा उसनी, ती कबुली नाट्यप्रयोग म्हणूनच वाचली पाहिजे.

चरित्र त्याज्य नाही. परंतु त्याने संहितेच्या प्रश्नांची उत्तरे परस्पर देऊ नयेत. रोलाँ बार्थने १९६७ मध्ये लेखकाचा मृत्यू घोषित केला. त्या घोषणेचा हवाला देणारी समीक्षाच कलावंताचा जन्मदाखला तपासत बसते, तेव्हा कलावंत ‘आपला’ ठरतो आणि कलाकृती न वाचलेलीच राहते.