न उघडणारे खुले आकडे

‘शासनाचे आकडे आता सर्वांना खुले आहेत’ हे वाक्य आमच्या वर्तुळात इतक्या वेळा उच्चारले जाते, की ते खरे आहे काय असे विचारणे उद्धटपणाचे ठरावे. २०१२ साली माहितीच्या आदानप्रदानाचे राष्ट्रीय धोरण आले. २०१५ साली शासनाने मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारावे असे दुसरे धोरण आले. दोन्ही उत्तम आहेत. परंतु जी फाइल उघडत नाही ती खुली नव्हे, एवढे साधे म्हणणे मला येथे मांडावयाचे आहे.

तंजावरात राहून ही गोष्ट अधिक टोचते. १०१० च्या सुमारास राजराज चोळाने पूर्ण केलेल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर देवळाचा सारा हिशेब कोरलेला आहे. देवळाच्या सेवेतील चारशे नर्तिकांची यादी घ्या: प्रत्येकीचे नाव, ती मूळची कोणत्या देवळातली, तिचे घर कोणत्या रस्त्याच्या कोणत्या ओळीत कितवे. दागिने तोलले ते वजन कोणते आणि भात मोजले ते माप कोणते, तेही नावानिशी नोंदले आहे. आकडा आणि आकड्याचा अर्थ एकाच दगडावर!

आता आपल्याकडे पाहा. १९५० साली सुरू झालेली राष्ट्रीय नमुना पाहणी ही या देशाची अभिमानास्पद संस्था. पण तिच्या अनेक फेऱ्यांची कुटुंबनिहाय माहिती मिळते ती अशा मजकूर-फायलींत, जिथे एका ओळीतले सारे अंक एकमेकांना चिकटून उभे असतात. मध्ये ना स्वल्पविराम, ना जागा. कोणता अंक राज्याचा, कोणता खर्चाचा, हे दुसऱ्या तक्त्यात पाहावयाचे. मोडीत शब्द सलग लिहीत, म्हणून सरस्वती महालातले मोडी रुमाल जाणकारावाचून मुके राहतात. ती लिपी लिहिणाऱ्या कारकुनाला निदान घाई होती. आमची सबब कोणती?

इतकेच नव्हे. प्रत्येक कुटुंबामागे एक गुणक दिलेला असतो. कित्येक फेऱ्यांत त्याला शंभराने भागावयाचे की दोनशेने, हे आणखी दोन रकाने ताडून ठरते. ही ओळ नजरेतून सुटली की अंदाज दुप्पट होतो आणि तरीही तक्ता दिसावयास सुबकच दिसतो. भातशेतीचा उद्योगसंकेत ०११२. फाइल एक्सेलमध्ये नुसती उघडली की आरंभीचे शून्य गळते, उरतात ११२. आणि पहिल्या दोन अंकांवरून वर्गवारी केली की कावेरीकाठचा भात पिकवणारा शेतकरी पेये बनविणाऱ्या कारखानदारांच्या पंक्तीत जाऊन बसतो. काही संच तर ‘नेस्टार’ नावाच्या परदेशी सॉफ्टवेअरच्या पेटीत बंद करून दिले गेले. ती पेटी विंडोजवरच उघडे, आणि पुढे तिच्या निर्मात्यांनीच तिच्याकडे पाठ फिरवली.

या साऱ्यावर औषध आहे आणि ते फुकट आहे. ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी आरंभिलेली ‘आर’ ही संगणकीय भाषा, आणि ‘क्रॅन’ या भांडारातील तिची हजारो जोडपॅकेजे. ‘रीडर’ चिकटलेले अंक रकान्यांत सोडवते, आरंभीचे शून्य जपावयास सांगितले तर जपते. ‘हेवन’ एसपीएसएस, स्टाटा, सॅस यांच्या फायली वाचते. घरी बसलेला विद्यार्थी एका आज्ञेत पॅकेज उतरवून घेतो. कार्यालयात तीच आज्ञा भिंतीवर आपटते. मी काम केलेल्या एका कार्यालयात (नाव घेत नाही) अशा एका पॅकेजसाठी टिपणी फिरली. परवानगी मिळाली ती नेमकी एकाच फायलीची. त्या पॅकेजला लागणाऱ्या दुसऱ्या पॅकेजांचे काय, तर नवी टिपणी! दरम्यान परवान्याचे महागडे सॉफ्टवेअर खरेदी करणे मात्र कोणालाच धोक्याचे वाटले नाही. खरेदीला निविदा असते, निविदेला नस्ती असते. फुकट वस्तूला बिचारीला नस्तीच नाही.

सुरक्षेची शंका पोरकट आहे असे मी म्हणत नाही. बाहेरून आलेला कोणताही प्रोग्राम घातक असू शकतो. पण त्यावर उपाय दार चिणून टाकणे हा नव्हे. क्रॅनची हुबेहूब प्रत जगभरच्या विद्यापीठांत ठेवली जाते. सारे भांडार आज बाजारात मिळणाऱ्या एका साध्या हार्ड डिस्कवर मावते. शासनाने आपल्या जाळ्याच्या आत अशी एक तपासलेली प्रत ठेवावी, दर सहा महिन्यांनी नवी करावी, आणि प्रत्येक कार्यालयाने तिथूनच घ्यावे. मग एकेका पॅकेजची टिपणी लिहिण्याचे कारणच उरत नाही.

आणि फायलींपुरते म्हणाल, तर प्रत्येक संचासोबत तो वाचणारी वीस-पंचवीस ओळींची आज्ञावली द्यावी, गुणकाच्या भागाकारासह. अहवालाचे तक्ते करताना हे काम विभागात कोणी तरी केलेलेच असते; ते कपाटात का ठेवावयाचे? परगावी वा परदेशी राहून आपल्या जिल्ह्याच्या आकड्यांवर काम करणारे अनेक मराठी विद्यार्थी या पानावर येतात. त्यांना माझी विनंती आहे, की जी फाइल उघडली नाही तिची लेखी तक्रार संबंधित विभागाकडे करावी, फेरीच्या क्रमांकासह. इकडे आमच्याकडे तक्रारीची नस्ती निश्चित होते.