गज एकच हवा



गिरणीतल्या माणसाला गज काय असतो ते सांगावं लागत नाही. साच्यावर पाळीभर उभं राहून विणलेलं कापड मोजलं जातं, आणि त्या मोजणीवर आपल्या घरची चूल पेटते. मोखाड्याचा डोंगर उतरून आम्ही पहिल्यांदा ज्या गिरणीत लागलो, तिचं नाव घेत नाही, तिथं मजुरीसाठी मोजायचं माप वेगळं आणि विकण्यासाठी मोजायचं माप वेगळं. कामगाराचा तागा मोजला की शंभराचे सत्त्याण्णव भरायचे. तोच तागा व्यापाऱ्याकडं निघाला की पुन्हा शंभर! आम्ही गेटवर सभा घेतली तेव्हा मजुरीचा दर वाढवा असं म्हणालो नाही. एवढंच म्हणालो, गज एक ठेवा.

तोच गज आज आम्ही जरा मोठ्या कामाला लावणार आहोत. एका देशाची फौज दुसऱ्या देशात घुसते आणि आपण चहाच्या गाडीवर उभ्याउभ्या निवाडा देतो. २००३ साली अमेरिकेनं इराकवर फौज घातली, तेव्हा आपल्याकडं निषेधाचे मोर्चे निघाले. बरोबर झालं. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाची फौज युक्रेनमध्ये शिरली, तेव्हा त्यातलीच काही तोंडं म्हणू लागली, "त्याला कारणं आहेत." आणि ज्यांना इराकच्या वेळी काहीच दिसलं नव्हतं, त्यांना युक्रेनचं रक्त लगेच दिसलं. २ मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १४१ देशांनी रशियाच्या विरुद्ध मत दिलं. आपलं सरकार तटस्थ राहिलं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण काय घरातल्या पोरांपुरतीच आहे?

कुणी म्हणेल, हे दिल्लीचं राजकारण, भाषिक राज्याच्या पत्रकात कशाला? बंधूंनो, आपली मागणीच मुळी अशी आहे की लोकांना विचारल्याशिवाय त्यांचा मुलूख कुणी कुणाच्या पदरात टाकू नये. हे तत्त्व बेळगावला लागतं, तर ते साऱ्या जगाला लागतं. आणि जगाला लावायचं, तर आधी आपल्या घराला लावून पाहिलं पाहिजे.

आमच्या जव्हार-मोखाड्यापासूनच सुरुवात करू. जव्हारचा डोंगर उत्तरेला उतरलं की नगर हवेली लागते. इकडंही वारली-कोकणा, तिकडंही वारली-कोकणा. नागली-वरी तीच, तारप्याचा सूर तोच. पण तिकडं राज्य पोर्तुगालचं होतं. १९५४ च्या २२ जुलैला दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा मोकळं झालं. आझाद गोमंतक दल, संघाचे स्वयंसेवक, कम्युनिस्ट, अशा निरनिराळ्या झेंड्यांची माणसं त्यात होती. भारताची फौज आत गेली नाही. पण दमणहून पोर्तुगालची कुमक यायची, तिचा रस्ता भारत सरकारनं अडवून धरला. पोर्तुगाल हेगच्या जागतिक न्यायालयात गेला. १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला की मुलकी माणसांना आणि मालाला भारतातून जाण्याचा हक्क होता, पण फौजेला आणि हत्यारी पोलिसांना तो नव्हता. परक्याची हत्यारं आमच्या भूमीवरून जाणार नाहीत, हे आपलं म्हणणं जगाच्या कोर्टात टिकलं. त्याचा अभिमान जरूर धरावा. पण दादऱ्याच्या चौकीवर पोर्तुगीजांच्या बाजूचे दोन पोलीस मारले गेले, हेही त्याच वहीत लिहिलेलं असावं.

आता १९५६ साल घ्या. त्या वर्षाच्या जानेवारीत मुंबईत संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्यांवर गोळीबार झाले. फ्लोरा फाउंटनचा गोळीबार २१ नोव्हेंबर १९५५ चा. हुतात्म्यांचा आकडा शंभरावर गेला, आणि त्यांत गिरणीतली माणसं किती होती हे लालबाग-परळच्या चाळींना ठाऊक आहे. १ नोव्हेंबरला आपल्या छातीवर द्विभाषिक लादलं गेलं. नेमक्या त्याच आठवड्यात इंग्लंड-फ्रान्सची विमानं इजिप्तवर बाँब टाकत होती, कारण इजिप्तनं आपला सुएझ कालवा आपल्या मालकीचा केला होता. आणि ४ नोव्हेंबरला रशियाचे रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले. तिथं कारखान्यांतल्या मजुरांनी आपली मंडळं उभारली होती. रणगाडे आल्यावरही त्यांनी संप चालू ठेवला. हजारो माणसं मेली.

दिल्लीनं काय केलं? सुएझवर तिचा आवाज खणखणीत होता. हंगेरीवर तो घोगरा झाला. ४ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांत भारत तटस्थ राहिला, आणि ९ तारखेला हंगेरीत संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणुका घ्या असा ठराव आला तेव्हा भारतानं विरुद्ध मत दिलं. जयप्रकाश नारायण यांनी त्याबद्दल नेहरूंना उघड बोल लावले. आणि आपण? समितीत एका व्यासपीठावर बसणाऱ्या पक्षांचंही हंगेरीवर एकमत नव्हतं. कम्युनिस्ट पक्षानं रशियाची बाजू घेतली. मुंबईत मजुरावर गोळी चालली तर ती गोळी, आणि बुडापेस्टमध्ये चालली तर शिस्त? लाल बावट्याखाली आमचीही हयात गेली, म्हणून हे आम्ही लाजेनं लिहितो.

आता गोवा. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या, वीसहून अधिक माणसं पडली. शेवटी १९६१ च्या डिसेंबरात भारताची फौज शिरली आणि १९ तारखेला साडेचारशे वर्षांचं राज्य संपलं. सुरक्षा समितीत अमेरिका, इंग्लंड, फ्रान्स यांनी भारताविरुद्ध हात वर केले. पाच वर्षांपूर्वी सुएझवर बाँब टाकणारे इंग्लंड-फ्रान्स! ज्या इजिप्तवर ते बाँब पडले, त्यानं मात्र आपल्या बाजूनं मत दिलं. रशियाच्या नकाराधिकारानं ठराव पडला. त्या दोघांचं ढोंग आपल्याला चटकन दिसतं. पण त्यांचं ढोंग दाखवलं म्हणून आपला हिशेब चुकता होत नाही.

म्हणून आमचा गज असा आहे. त्यावर तीन खुणा आहेत. पहिली: त्या मुलखातल्या लोकांना हे हवं होतं का, की हाक मारणारा बरोबर घेऊनच गेलात? दुसरी: फौज शिरल्यावर निरपराधाचं काय झालं? तिसरी: धूळ बसल्यावर लोकांना मत मिळालं का, आणि ते आपल्या मनाविरुद्ध गेलं तर आपण मानलं का?

सुएझ तिन्ही खुणांवर नापास, बुडापेस्ट तिन्हींवर नापास. इराक आणि युक्रेन तुम्हीच मोजा, नावं झाकून मोजा.

हैदराबाद मोजू. १९४८ च्या सप्टेंबरातल्या कारवाईनं आपला मराठवाडा निजामाच्या आणि रझाकारांच्या जाचातून सुटला. पहिल्या खुणेवर आम्ही छाती पुढं काढून उभे राहतो. दुसऱ्या खुणेवर मान खाली जाते. सरकारनंच धाडलेल्या सुंदरलाल समितीनं अंदाज दिला की त्या कारवाईच्या दिवसांत आणि त्यानंतर २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. त्यांतले बहुतेक मुसलमान होते. तो अहवाल कित्येक वर्षं दडवून ठेवला. मुक्तिदिनाचा झेंडा लावताना हेही बोलता आलं पाहिजे. त्यानं झेंडा खाली येत नाही.

गोव्याची तिसरी खूण तर आपल्याच कसोटीची. भारतात यायचं का, हा प्रश्न गोव्याच्या माणसाला मतपेटीवर कधी विचारला गेला नाही. निवडणुका मात्र १९६३ सालीच झाल्या. आणि १६ जानेवारी १९६७ ला विचारलं, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं? विलीनीकरणाला १,३८,१७० मतं पडली, वेगळं राहण्याला १,७२,१९१. आपण हरलो, बंधूंनो! कडू घोट होता. पण सीमाभागातल्या मराठी माणसाला विचारा म्हणून आपण १९५६ पासून १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळतो, सरकार २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा लढवतं. मग गोव्याच्या माणसानं दिलेलं उत्तर आपण मानायला नको? जो गोव्याचं मत मानत नाही, त्याला बेळगावचं मत मागण्याचा अधिकार नाही.

एक इशारा शेवटी. आपण परदेशातल्या जुलमावर बोललो की कुणीतरी उठून म्हणतो, "आधी आपल्या घरचं बघा." घरचं बघायचंच आहे, पण घरचं बघणं म्हणजे शेजारच्या किंकाळीला कान बंद करणं नव्हे. मालक म्हणतो, तुमच्यातही कामचुकार आहेत, म्हणून मजुरी मागू नका. आपण ऐकतो का? कामचुकाराला समज देतो आणि मजुरीही मागतो. तसंच इथं करायचं. अमेरिकेला बोला, रशियाला बोला, आणि त्याच दमात दिल्लीलाही विचारा. दिल्लीला तर आधी विचारा, कारण तिथलं सरकार आपल्या मतावर चालतं आणि तिथली फौज आपल्या घामाच्या पैशावर.

पुढच्या सभेत कुणी परदेशी फौजेच्या निषेधाचा ठराव मांडला, तर त्याला हात जरूर वर करा. पण त्याआधी उभं राहून विचारा, "हाच ठराव नाव बदलून मांडला असता, तर तुम्ही हात वर केला असता का?" मांडणारा अडखळला, तर ठराव दुरुस्त करून घ्या.

बेळगाव, कारवार, निपाणीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!
मोजमाप सर्वांना एकच झालं पाहिजे!