नक्कल किती अस्सल असावी?

जुन्या पोथीची नवी आवृत्ती निघाली, की पाठभेदांवरून पंडितांत जुंपते. अमेरिकेत हौशी मंडळींत असाच वाद एका पिस्तुलावरून रंगतो! जॉन ब्राउनिंगने रचलेले हे पॉइंट पंचेचाळीसचे पिस्तूल तिथल्या सैन्याने १९११ साली स्वीकारले. त्याच्या जागी दुसरे निवडले ते थेट १९८५ साली. आता त्याच्या नव्या प्रतिकृती निघतात आणि गिऱ्हाईक कोड्यात पडते. पहिल्या महायुद्धातले रूप घ्यावे, की दुसऱ्यातले? मधल्या काळात चाप आखूड झाला होता, मुठीची पाठ फुगीर झाली होती.

पण हा झाला आवडीचा भाग. खरी मेख पोटात आहे. मूळ पिस्तूल उंचावरून नळीच्या तोंडावर आपटले, तर चाप न ओढताही आतली सळई काडतुसावर आदळून बार उडण्याचा धोका असे. काही नव्या प्रतिकृतींत ती सळई अडवून धरणारी खीळ असते, काहींत सळईच हलकी केलेली असते. काहींत यातले काहीच नसते. शुद्धतावादी खिळीला नाक मुरडतात: मुळात ती नव्हती, शिवाय तिने चाप जड होतो!

मला विचाराल, तर जाणता संपादक पोथीतले जुने शब्द जपतो, लेखनिकाचा प्रमाद नव्हे. तेव्हा दुकानदाराला रंगाआधी एवढेच विचारावे, “हे हातून पडले तर काय होईल?”