कुणाची घाई, कुणाचे मरण?

2025-26 च्या हंगामासाठी केंद्र सरकारने उसाची एफआरपी ठरवली टनाला 3,550 रुपये, तीही सव्वादहा टक्के उताऱ्याला. माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याला ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याने आता एक हिशेब करून पाहावा. स्तनाच्या कर्करोगावर रायबोसिक्लिब नावाची गोळी आहे. मालकी नोव्हार्टिसची. 2022 मध्ये केरळ उच्च न्यायालयापुढे आलेल्या याचिकेत तिचा महिन्याचा खर्च नोंदला गेला 58,140 रुपये. म्हणजे महिन्याला सोळा टनांहून अधिक ऊस आणि वर्षाला जवळजवळ दोनशे टन. एकरी चाळीस टन धरले तर पाच एकरांचे अख्खे पीक एका बाईच्या गोळ्यांत गेले! यातून तोडणी-वाहतूक वजा व्हायची आहे, सोसायटीचे कर्ज कापले जायचे आहे, खताची उधारी आणि पोरांची फी तशीच आहे. बारामती-इंदापुरात पाच एकर बारमाही बागायत असलेली घरे किती, ते आम्ही सांगायला नको. ज्यांच्याकडे नाही, त्यांनी काय करायचे? केरळात ती याचिका करणाऱ्या बाईने सरकारने सक्तीचा परवाना द्यावा, इतर कंपन्यांना ही गोळी बनवू द्यावी, म्हणून न्यायालयाचे दार ठोठावले. निकाल लागण्याआधी ती वारली. न्यायालयाने विषय आपणहून पुढे चालू ठेवला, पण गोळी तिच्या कामी आली नाही.

आणि अशा वेळी जगातल्या शहाण्यांना घाई कसली झाली आहे? कर्करोगावरच्या शोधांचे पेटंट अर्ज रांगेत पुढे घेण्याची! अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने 2016 मध्ये कर्करोगाच्या इम्युनोथेरपीच्या अर्जांचा निकाल बारा महिन्यांत लावण्याची योजना काढली, आणि वर जादा शुल्कही घेतले नाही. आपल्याकडे 2016 पासून नियम 24-सी खाली झटपट तपासणी आहेच. तिचा लाभ स्टार्टअप, छोटे उद्योग, महिला अर्जदार, सरकारी संस्था यांना मिळतो. त्यात कर्करोगाचाही एक रकाना वाढवा, रुग्णांचे भले होईल, असा सूर आपल्याकडेही निघाल्यास आश्चर्य वाटायला नको. ऐकायला गोड आहे. कर्करोगाचे नाव काढले की समोरच्याची जीभ लुळी पडते, हे या मंडळींना पक्के ठाऊक आहे.

आमची जीभ लुळी पडत नाही. पेटंट लवकर मिळाले म्हणून औषध लवकर मिळत नाही. औषध बाजारात यायला औषध नियंत्रकाची मंजुरी लागते. पेटंट कार्यालय कुणाला गोळी देत नाही, ते मक्ता देते. अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षांचा मक्ता! त्यात मेख अशी, की पेटंट हातात पडेपर्यंत मालकाला दुसऱ्या उत्पादकावर दावा लावता येत नाही. पेटंट हातात पडले रे पडले की न्यायालयातून मनाई आणायची सोय झाली. अर्ज घाईने निकाली काढणे म्हणजे मालकाच्या हातात सोटा लवकर देणे. एवढ्या लगबगीने ही सेवा कुणाची चालली आहे?

कुणी म्हणेल, लवकर पेटंट झाले तर सक्तीच्या परवान्याचे घड्याळही लवकर सुरू होते, कारण पेटंट कायद्याच्या कलम 84 खालचा अर्ज पेटंट मिळाल्यापासून तीन वर्षांनी करता येतो. खरे आहे. हा मुद्दा आम्ही मान्य करतो. फक्त ते घड्याळ वाजल्यावर ऐकणारा कोणी सरकारात शिल्लक आहे का, तेवढे सांगा.

एकदा होता. मुंबईत, अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात. मूत्रपिंडाच्या आणि यकृताच्या कर्करोगावरचे नेक्साव्हार हे बायर कंपनीचे औषध 120 गोळ्यांना, म्हणजे एका महिन्याला 2,80,428 रुपयांना विकले जात होते. पेटंट 2008 मध्ये मिळालेले. हैदराबादच्या नॅटको कंपनीने तेच औषध 8,800 रुपयांत देतो म्हणून अर्ज केला. पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी हिशेब तपासला. 2008 सालात बायरने हे औषध देशात आणलेच नव्हते. पुढेही गरजू रुग्णांपैकी दोन टक्क्यांच्या थोड्या वर लोकांपर्यंत ते पोचले होते. 9 मार्च 2012 रोजी कुरियन यांनी परवाना दिला. बायरला सहा टक्के स्वामित्वधन, जे अपिलात सात झाले. मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये निर्णय उचलून धरला, सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी बायरची याचिका फेटाळली. बायर बुडाली का? जर्मनीत संशोधन थांबले का? काही झाले नाही. पावणेतीन लाखांची वस्तू नऊ हजारांच्या आत बनू शकते, एवढे मात्र उघडे पडले आणि कंपन्यांच्या दुकानदारीचा बुरखा टराटरा फाटला.

हे उघडे कशामुळे पडले? फॉर्म 27 मुळे! पेटंटधारकाने दरवर्षी भरायचा कागद: औषध देशात किती आणले, किती विकले. बायरविरुद्धचा सर्वांत बोलका साक्षीदार हा तिचाच कागद होता. मग सरकारने त्या साक्षीदाराचे काय केले? आधी 2020 मध्ये त्याची जबानी आखूड केली. मग 15 मार्च 2024 च्या नियमांनी तो कागद दरवर्षीऐवजी तीन वर्षांतून एकदा भरला तरी चालेल असे ठरवले. तारीख नीट पाहा. त्याच्या पाचच दिवस आधी, 10 मार्चला, स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांशी व्यापार करार झाला होता. स्वित्झर्लंड हे नोव्हार्टिसचे आणि रोशचे माहेर. 24 जुलै 2025 ला ब्रिटनशी करार झाला. त्यात औषधे मिळवण्याचा उत्तम मार्ग म्हणजे कंपनीने आपखुशीने दिलेला परवाना, असे आपल्या सरकारने सहीनिशी मान्य केले. सावकाराची मर्जी हाच कर्जमाफीचा उत्तम मार्ग, असे लिहून देणारे सरकार इंदापूरच्या शेतकऱ्याने कधी पाहिले होते काय?

त्याच 2024 च्या नियमांनी हरकतीवरही घाव घातला. पेटंट मिळण्यापूर्वी कुणीही माणूस हरकत घेऊ शकतो, ही आपल्या कायद्याची शान होती. नोव्हार्टिसच्या ग्लिव्हेक या औषधाच्या वेळी मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने अशीच हरकत घेतली. रक्ताच्या कर्करोगावरचे जुने रसायन, नवे स्फटिकरूप, आणि किंमत महिन्याला सव्वा लाखाच्या घरात! 2006 मध्ये अर्ज फेटाळला गेला आणि 1 एप्रिल 2013 रोजी न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने जुन्या औषधाच्या नुसत्या नव्या रूपाला पेटंट नाकारणाऱ्या कलम 3(ड) चा आधार घेत नोव्हार्टिसला रिकाम्या हाताने परत पाठवले. आता हरकत घ्यायला शुल्क भरावे लागते आणि ती ऐकण्याजोगी आहे की नाही हे आधी नियंत्रक ठरवतो. कंपनीसाठी गालिचा, रुग्णासाठी उंबरठा उंच!

आम्ही संशोधनाचे वैरी नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या मेहनतीतून नेक्सकार-19 ही रक्तपेशींची उपचारपद्धती उभी राहिली, ऑक्टोबर 2023 मध्ये तिला मंजुरी मिळाली, एप्रिल 2024 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. अमेरिकेत जे तीन-चार कोटींना होते ते इथे तीस-चाळीस लाखांत आले. याचा आम्हाला अभिमान आहे. अशा देशी, सरकारी पैशावर वाढलेल्या शोधाला रांगेत खुशाल पुढे घ्या. मात्र त्याच कागदावर किंमत आणि इतरांना द्यायचा परवानाही लिहून घ्या. कारण तीस लाख म्हणजे 2025-26 च्या एफआरपीने आठशे पंचेचाळीस टन ऊस होतो, आणि तेवढा ऊस पिकवायला वीस एकरांहून अधिक रान लागते.

बारामतीला कर्करोगाची ओळख नवी नाही. 2004 च्या निवडणुकीच्या धामधुमीत शरद पवारांच्या तोंडाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली. ते उठले आणि आजवर जाहीर सभांतून तंबाखू-गुटख्याविरुद्ध बोलत आले. त्या जिद्दीला आमचा नमस्कार. पण 2004 ते 2014 अशी दहा वर्षे ते केंद्रीय मंत्रिमंडळात होते, आणि सरकारला स्वतःहून परवाने खुले करण्याचा अधिकार देणारे कलम 92 त्या दहा वर्षांत कर्करोगासाठी एकदाही वापरले गेले नाही. 2013 मध्ये स्तनाच्या कर्करोगावरच्या ट्रास्टुझुमॅब या औषधाच्या वेळी नुसतीच फाइल फिरली. पुढे आलेल्या सरकारने काय वेगळे केले? जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात कर्करोगाच्या तीन औषधांवरचे दहा टक्के सीमाशुल्क माफ केले आणि टाळ्या घेतल्या. मक्तेदाराने लावलेल्या किमतीला हात लावला नाही, आपल्याच तिजोरीतला कर सोडला. ही दया कंपनीवर झाली की रोग्यावर?

अँटॉप हिलचे ते कार्यालय आणि परळचे टाटा रुग्णालय यांत मुंबईतल्या मुंबईत काही मैलांचे अंतर आहे. निमगाव केतकीची, भिगवणची माणसे गाठोडी घेऊन परळला उतरतात, फुटपाथवर पथारी टाकतात, आणि त्यांच्या औषधाची किंमत ठरवणारी फाइल त्याच शहरातल्या इमारतीत असते. वाणिज्यमंत्री पीयूष गोयल मुंबई उत्तरचे खासदार आहेत. त्यांना परदेशी शिष्टमंडळांसाठी वेळ मिळतो. एकदा परळच्या त्या फुटपाथवरून चालत जायलाही मिळावा.

मागण्या साध्या आहेत. फॉर्म 27 पुन्हा दरवर्षी भरायला लावा. हरकतीचे शुल्क आणि चाळणी रद्द करा. रायबोसिक्लिबसाठी कलम 92 खाली अधिसूचना काढा. घाई करायचीच असेल तर ती इथे करा. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी हा प्रश्न लोकसभेत उभा करावा, आणि बारामती-इंदापूरच्या ग्रामसभांनी तसे ठराव करून दिल्लीला धाडावेत. 9 मार्च 2012 नंतर या देशात दुसरा एकही सक्तीचा परवाना निघालेला नाही.