जवानाच्या पत्नीला मदतनीस भत्ता का नाही?
अमेरिकेत युद्धकाळात सेवा केलेल्या माजी सैनिकाला आंघोळ, कपडे, जेवण यांसाठी रोज मदत लागत असेल आणि उत्पन्न-मालमत्ता मर्यादेत असेल, तर वाढीव पेन्शन मिळते. त्याच्या पश्चात पत्नीलाही. आपल्याकडे? मदतनीस भत्ता आहे, पण वैद्यकीय मंडळाच्या शिफारशीने, १०० टक्के अपंगत्व असलेल्या जवानालाच. २०१७ मध्ये तो ४,५०० वरून ६,७५० रुपये झाला. पत्नीला तो नाही. तिचं कौटुंबिक पेन्शन २० टक्क्यांनी वाढतं, तेही ८० वर्षं पूर्ण झाल्यावर. म्हणजे ७४ व्या वर्षी अर्धांगवायू झाला, तर सहा वर्षं थांबा! साताऱ्याच्या अपशिंगेसारख्या सैनिकांच्या गावात हे कुणी समजावून सांगायचं? निकष वयाचा नको, गरजेचा हवा. तोवर, घरात १०० टक्के अपंगत्व असलेले माजी सैनिक असतील, तर पीपीओमध्ये हा भत्ता नोंदलाय का, ते आजच बघा.