नोकरी सांभाळून ऑनलाईन पदवी: फी तर भरली, पण रोजचे तीन तास कुठून आणायचे?

'नोकरी न सोडता एमबीए', 'घरबसल्या पदवी, तीही तुमच्या सोयीने'. मोबाईलवर अशा जाहिराती तुम्हीही पाहिल्या असतील. एकदा नुसतं क्लिक केलं की पुढचे चार दिवस समुपदेशकांचे फोन थांबत नाहीत.

फोनवर फी सांगतात, हप्ते सांगतात, सवलत कधी संपणार तेही सांगतात. आठवड्याला किती तास अभ्यास करावा लागेल, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं.

बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, 'ही पदवी चालते का?' त्याचं उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. त्याहून अवघड प्रश्न असा की नोकरी, घर आणि अभ्यास हे सगळं एकाच दिवसात बसवताना शरीराचं काय होतं? दोन्ही प्रश्न क्रमाने समजून घेऊया.

ऑनलाईन पदवी ग्राह्य असते का?

घरी बसून पदवी घेणं आपल्याकडे नवीन नाही. दिल्लीचं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (इग्नू) १९८५ साली आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं. पोस्टाने येणारी पुस्तकं आणि रविवारचे संपर्क वर्ग यांच्या आधारावर कित्येकांनी पदवी पूर्ण केली.

ऑनलाईन पदवीत शिकवणं, साहित्य, चर्चा आणि सरावचाचण्या, सगळं इंटरनेटवरून होतं. यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२० मध्ये दूरशिक्षण आणि ऑनलाईन अभ्यासक्रमांची एकत्रित नियमावली आणली. मान्यताप्राप्त विद्यापीठाने मान्यताप्राप्त अभ्यासक्रमासाठी दिलेली ऑनलाईन किंवा दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीच्या समकक्ष धरली जाईल, असंही यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं.

या वाक्यात 'मान्यताप्राप्त' दोनदा आलंय. विद्यापीठ मान्यताप्राप्त असलं, तरी त्याचा प्रत्येक ऑनलाईन अभ्यासक्रम मान्य असेलच असं नाही.

कोणत्या विषयांत ऑनलाईन पदवी मिळत नाही?

अभियांत्रिकी, वैद्यकीय, दंतवैद्यक, नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी, वास्तुरचना आणि कायदा या पदव्या ऑनलाईन घेता येत नाहीत. पीएचडीही नाही.

२०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून या यादीत भर पडली. मानसशास्त्र, मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी, आहार आणि पोषणशास्त्र अशा आरोग्याशी संबंधित विषयांचे नवे प्रवेश दूरशिक्षण आणि ऑनलाईन पद्धतीने देऊ नयेत, असे निर्देश यूजीसीने दिले. त्यामुळे 'ऑनलाईन एमए सायकॉलॉजी' अशी जुनी जाहिरात अजून दिसत असेल, तर पैसे भरण्याआधी थांबा.

प्रवेशाआधी काय तपासायचं?

यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची (डीईबी) स्वतंत्र वेबसाईट आहे. कोणत्या विद्यापीठाच्या कोणत्या अभ्यासक्रमाला कोणत्या सत्रासाठी मान्यता आहे, हे तिथे पाहता येतं. 'सत्रासाठी' हा शब्द लक्षात ठेवा. गेल्या वर्षीची मान्यता यंदा असेलच असं नाही.

२०२४ पासून अशा प्रवेशासाठी विद्यार्थ्याचा डीईबी आयडीही लागतो. तो 'अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'च्या खात्याच्या आधारे मिळतो. हा आयडी न मागता कुणी लगेच प्रवेश 'कन्फर्म' करत असेल, तर सावध व्हा.

पदवी विद्यापीठ देतं, अ‍ॅप किंवा एडटेक कंपनी देत नाही. 'दहा दिवसांत एमबीए'सारख्या जाहिरातींबाबत यूजीसीने २०२४ मध्ये इशाराही दिला होता. फीची पावती कुणाच्या नावाने मिळणार, हे आधी विचारा.

कागदपत्रांचा भाग इथे संपतो. आता दुसरा प्रश्न.

आठवड्याला किती तास लागतात?

राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एक क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे ३० तास धरले आहेत. यात व्याख्यानं, वाचन, असाइनमेंट आणि परीक्षेची तयारी, सगळं आलं. एका वर्षाला साधारण ४० क्रेडिट, म्हणजे १,२०० तास.

वर्षाचे ५२ आठवडे धरले, तर आठवड्याला साधारण २३ तास होतात. सुट्टी न घेता रोज सव्वातीन तासांहून थोडे जास्त.

आता हे एका आठवड्यात बसवून पाहूया. समजा, तुम्ही पिंपरी-चिंचवडमध्ये नोकरी करता. आठवड्याचे ४८ तास काम, सहा दिवस रोज दोन तास प्रवास म्हणजे १२ तास, अभ्यास २३ तास आणि रोज सात तास झोप म्हणजे ४९ तास. बेरीज झाली १३२. आठवड्याचे एकूण तास १६८. उरले ३६.

म्हणजे दिवसाला साधारण पाच तास. आंघोळ, जेवण, बाजार, आई-वडिलांशी बोलणं, सणवार आणि आजारपण, सगळं त्यातच. तारेवरची कसरत आहे, पण जमण्यासारखी.

आता हेच गणित घर सांभाळणाऱ्या बाईसाठी करा. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या महिला त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात, तर घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. २८९ मिनिटं रोज म्हणजे आठवड्याला जवळपास ३४ तास. वरच्या हिशोबातल्या ३६ मधून ते वजा केले की उरतात दोन. आठवड्याला दोन तास!

या सरासरीत नोकरी न करणाऱ्या महिलाही आहेत. त्यामुळे प्रत्येकीचा आकडा वेगळा असेल. पण 'घरबसल्या पदवी'मधलं हे घर कोण चालवतं, यावर बरंच अवलंबून असतं, एवढं यातून नक्की कळतं.

महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट घडली आहे. कारखान्यांमधले कामाचे कमाल तास दिवसाला ९ वरून १२ आणि दुकानं-आस्थापनांमध्ये ९ वरून १० करण्याच्या बदलांना राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. ज्या दिवशी बारा तास ड्युटी असेल, त्या दिवशी अभ्यासाला तीन तास मिळणं जवळपास अशक्य आहे.

मग हे तास येतात कुठून?

ऑफिसचे तास आपल्या हातात नसतात आणि लोकलची वेळ तर नाहीच. कुणाची परवानगी न घेता कमी करता येण्यासारखी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे झोप. ऑनलाईन पदवीची फी हप्त्याने भरता येते. झोपेचे हप्ते मात्र न विचारताच कापले जातात.

१८ ते ६० वयाच्या प्रौढांना रोज किमान सात तास झोप लागते, असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. 'मला सहा तास पुरतात' असं आपल्यापैकी बरेच जण म्हणतात. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २००३ सालच्या एका प्रयोगात काही जणांना सलग दोन आठवडे रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपू दिलं गेलं. त्यांची एकाग्रता सलग एक-दोन रात्री जागलेल्या माणसाइतकी घसरली. विशेष म्हणजे आपण किती मंदावलो आहोत, हे त्यांना स्वतःला फारसं जाणवत नव्हतं.

विद्यार्थ्यासाठी हा दुहेरी तोटा आहे. दिवसभरात शिकलेलं मेंदूत पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेत होतं. त्यामुळे रात्री दोनपर्यंत जागून पाहिलेलं व्याख्यान सकाळी पुसट झालेलं असतं आणि तेच पुन्हा पाहावं लागतं. वाचवलेला वेळ तिथेच जातो.

परीक्षेची रचनाही जागरणाला हातभार लावते. यूजीसीच्या नियमावलीनुसार सत्रातल्या असाइनमेंट-चाचण्यांना जास्तीत जास्त ३० टक्के आणि सत्राअखेरच्या परीक्षेला किमान ७० टक्के भार असतो. साहजिकच अभ्यास साचत जातो आणि शेवटचे तीन आठवडे चहावर निघतात. चहा-कॉफीतलं निम्मं कॅफीन शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. रात्री नऊचा कप दोन वाजताही आपलं काम करत असतो.

जास्त तास काम केल्याने खरंच धोका वाढतो का?

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असल्याचं त्यात म्हटलं होतं.

हा अभ्यास नोकरीच्या तासांचा आहे, अभ्यासाच्या तासांचा नाही. त्यामुळे हे आकडे विद्यार्थ्यांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण ४८ अधिक २३ म्हणजे ७१ तास आपण बसलेलो असू, तर तो भार शरीराला लागत नाही असं समजण्यातही अर्थ नाही.

डोळे, मान आणि पाठ

दिवसभर ऑफिसचा लॅपटॉप, प्रवासात मोबाईल, रात्री पुन्हा व्याख्यान. स्क्रीनकडे एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात आणि डोकं दुखतं. नेत्रतज्ज्ञ सांगतात तो उपाय सोपा आहे. दर २० मिनिटांनी, २० फुटांवरच्या वस्तूकडे, २० सेकंद पाहा.

मोबाईलवर तासाभराचं व्याख्यान पाहणं मानेसाठी सर्वांत वाईट. माणसाच्या डोक्याचं वजन साधारण साडेचार ते पाच किलो असतं आणि मान जितकी खाली झुकते, तितका तिच्यावरचा ताण वाढतो. वेगळं टेबल प्रत्येकाच्या घरात नसतं. पण मोबाईल डब्यांच्या चळतीला टेकवून डोळ्यांच्या रेषेत आणता येतो.

आणखी एक युक्ती. सगळीच व्याख्यानं पाहायची गरज नसते. ज्यात आकृत्या किंवा गणितं नाहीत, ती कानात इअरफोन घालून चालताना ऐकता येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा. अर्ध्या तासाची पाच व्याख्यानं चालताना ऐकली की तेवढं होतं. हे फक्त बागेत किंवा गच्चीवर, रहदारीत नाही.

एकटेपणाचं काय?

कॉलेजमध्ये कँटीन असतं, नोट्स देणारी मैत्रीण असते, 'तुझंही काही झालं नाही ना?' असं विचारणारं कुणीतरी असतं. ऑनलाईन पदवीत मागे पडलो, तर ते फक्त आपल्यालाच माहीत असतं. न पाहिलेल्या व्हिडिओंचा आकडा वाढत जातो आणि अपराधीपणामुळे आपण अ‍ॅप उघडायचंच टाळतो.

यावर एकच सहाध्यायी गाठणं पुष्कळदा पुरतं. आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी त्याला किंवा तिला फोन करा. झोप उडणं, सतत चिडचिड, कशातच मन न लागणं असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं, तर ते आळसावर ढकलू नका. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

फी भरण्याआधी काय करता येईल?

एक आठवडा स्वतःचे तास लिहून काढा. अंदाजाने नको, खरोखर. झोपेचे ४९ तास आधी बाजूला काढा आणि मग बघा, २३ उरतात का.

उरत नसतील, तर पदवीचा विचार सोडायची गरज नाही. वेग कमी करा. विद्यापीठाला तीन गोष्टी विचारा: नोंदणीची मुदत किती वर्षांची आहे, एखादा विषय पुढच्या सत्रात ढकलता येतो का आणि त्याची जादा फी किती? अ‍ॅकॅडमिक बँकेत जमा झालेली क्रेडिट्स सात वर्षांपर्यंत टिकू शकतात. वर्षाला ४० ऐवजी २० क्रेडिट घेतली, तर आठवड्याचे २३ तास साडेअकरावर येतात.

अभ्यासाचं वेळापत्रक रोजचं न करता आठवड्याचं करा. ओव्हरटाईमचा दिवस कोरा सोडा आणि सुट्टीच्या सकाळी दोन-तीन तास सलग बसा. आणि हा हिशोब घरच्यांसमोर मांडा. तेवीस तास कुणीतरी दुसऱ्याने उचलायचे आहेत, मग ते भाजी आणणं असो, डबा करणं असो की मुलांचा गृहपाठ. हे प्रवेशाच्या आधी ठरलं तर बरं. नंतर ठरवायला बसलो, तर तो वाटा गुपचूप झोपेतून जातो.

समुपदेशकाचा फोन पुन्हा आला, तर यावेळी सवलत राहू द्या. त्याला विचारा, 'या अभ्यासक्रमाची क्रेडिट्स किती?' तो आकडा तीसने गुणा आणि मगच फीबद्दल बोला.